नीतीचा झरा कोठून वाहतो?

(हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव येथील व्याख्यानाचा मजकूर)



पेरणीपूर्व मशागतीचे दिवस आहेत. शेजारच्या शेताचा मालक पोटासाठी पुण्यास गेलेला आहे. घरी त्याचा वृद्ध पिता अंथरुणाला खिळून आहे. तिन्हीसांजेची वेळ, शिवारात चिटपाखरू नाही. नांगर बांधापाशी येतो. एक तास पलीकडे घातले तर कोणाच्या ध्यानात येणार नाही. दरवर्षी वीतभर बांध सरकला, तर दहा वर्षांत तीन-चार गुंठे जमीन पदरात पडते. तरीही एखादा शेतकरी बांधाला धक्का न लावता औत वळवतो. त्याला कोणी पाहिलेले नसते, कोणी शाबासकीही देत नाही.

त्याच गावात बांध कोरणारेही असतात. तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारे भाऊबंद प्रत्येक तालुक्याला परिचित आहेत. म्हणून प्रश्न असा, की बांध न कोरणाऱ्याला कोण अडवते? माणसाला बरे-वाईट कळते ते कोठून? हा केवळ तत्त्वज्ञांचा प्रश्न नाही. मुलांवर संस्कार करू इच्छिणाऱ्या प्रत्येक माता-पित्याचा तो प्रश्न आहे. कारण उगम ठाऊक नसेल, तर झरा आटल्यावर कोठे खणायचे हेही कळत नाही.

दंडाचे सामर्थ्य आणि त्याची सीमा

पहिले उत्तर सहज सुचते. माणूस भयाने नीट वागतो. राजदंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मात्स्यन्याय आपल्या प्राचीन राजनीतिकारांनी सांगितला आहे. त्यात तथ्य आहे. मोजणी, सात-बाराचा उतारा, न्यायालयाचा हुकूम ही सारी व्यवस्था नसती, तर दुर्बळाची जमीन त्याच्याकडे राहिलीच नसती.

परंतु कायदा बहुधा घटना घडून गेल्यावर येतो. तिन्हीसांजेच्या त्या क्षणी शिवारात तलाठी नसतो. महाराष्ट्र शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातील तंटे गावातच, सामोपचाराने मिटावेत, हा तिचा हेतू. न्यायालयाच्या निकालापलीकडे गावकऱ्यांच्या समजूतदारपणाची गरज राज्यकर्त्यांनाही भासते, हेच त्यातून दिसते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आज्ञा देणाराच अन्यायी असेल तर काय? या प्रश्नाचे उत्तर हिंगोली जिल्ह्याच्या नदीच्या नावातच दडलेले आहे. कयाधू हे प्रल्हादाच्या मातेचे नाव. हिरण्यकशिपूच्या राज्यात राजाची इच्छा हाच कायदा होता. तेथे आज्ञापालन म्हणजे नीती असते, तर प्रल्हाद हा सर्वांत मोठा अपराधी ठरला असता. भारतीय मनाने मात्र त्या बालकाला आदर्श मानले आणि आज्ञा देणाऱ्या पित्याला असुर म्हटले. सत्तेची आज्ञा आणि धर्म या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या समाजाला कथेच्या रूपाने फार पूर्वीच उमगले होते. आज्ञेलाच योग्य-अयोग्याच्या कसोटीवर घासायचे असेल, तर ती कसोटी आज्ञेच्या आधीपासून अस्तित्वात असली पाहिजे.

श्रद्धा : उगम की आधार?

दुसरे उत्तर असे, की नीती ईश्वराने दिली. ईश्वर नसता तर माणूस पशू झाला असता. यावर प्राचीन ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिसाने एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला आहे. देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिला पर्याय स्वीकारला तर नीती ही मर्जीची बाब होते. दुसरा स्वीकारला तर चांगुलपणाला स्वतःचा पाया आहे, हे मान्य करावे लागते.

भारतात हा विचार निराळ्या वाटेने झाला. पूर्वमीमांसेने धर्माची अत्यंत सूक्ष्म चिकित्सा केली, पण त्यासाठी जगाचा निर्माता असा ईश्वर तिला आवश्यक वाटला नाही. जैन आणि बौद्ध परंपरा सृष्टिकर्ता मानत नाहीत. तरी अहिंसा, सत्य, अस्तेय यांचा त्यांच्याइतका काटेकोर विचार जगात क्वचितच झाला असेल. मनुस्मृती धर्माची चार लक्षणे सांगते. त्यांत वेद आणि स्मृती यांच्याबरोबर सज्जनांचा आचार येतो आणि शेवटी स्वतःच्या अंतरात्म्याचे समाधानही येते. ग्रंथ, परंपरा आणि अंतःकरण यांना एकाच पंक्तीत बसवणारा हा दृष्टिकोन आहे.

महाराष्ट्रात या संदर्भात गोपाळ गणेश आगरकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. १८५६ साली जन्मलेला आणि अवघ्या ३९ व्या वर्षी, १८९५ मध्ये दिवंगत झालेला हा सुधारक. पारलौकिक कल्पनांवर त्यांचा विश्वास नव्हता. एम.ए.च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी आईला कळवले, की मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल असे मनोरथ करू नकोस. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून तो आपला वेळ लोकांच्या हितासाठी खर्च करणार आहे. आणि त्यांनी तो शब्द पाळला. त्यांची मते पटोत वा न पटोत, श्रद्धेवाचून चारित्र्य संभवत नाही असे हे चरित्र वाचणाऱ्याला म्हणता येणार नाही.

मग श्रद्धेचे स्थान कोणते? सर्वसामान्य माणसाला संकटात, मोहात, एकाकीपणात तग धरण्याचे बळ श्रद्धा देते. एकादशीचा उपवास, पंढरीची वारी, गळ्यातील माळ ही मनाला घातलेली कुंपणे आहेत. माळ घातलेला माणूस खोटे बोलताना अडखळतो. कुंपण पिकाचे रक्षण करते. पीक मात्र बियाण्यातून उगवते. ते बियाणे कोठून आले?

निसर्गाने दिलेले बियाणे

येथे आधुनिक विज्ञानाकडे वळणे युक्त ठरेल. चार्ल्स डार्विनने १८७१ सालच्या आपल्या मानवाच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की समूहात राहण्याची उपजत प्रवृत्ती असलेल्या प्राण्याची बुद्धी माणसाइतकी विकसित झाली, की त्याच्या ठायी सदसद्विवेक निर्माण होणारच. क्षणिक वासना तृप्त होऊन विरून जाते. समूहाविषयीची ओढ मात्र कायम राहते. नंतर मागे वळून पाहताना त्या दोहोंतील विसंगती टोचू लागते. ती टोचणी म्हणजेच पश्चात्ताप.

१९६४ साली अमेरिकेत ज्यूल्स मॅसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. साखळी ओढली की माकडाला अन्न मिळे. पण त्याच वेळी शेजारच्या माकडाला विजेचा धक्का बसे. हे ध्यानात येताच बहुतेक माकडांनी ती साखळी ओढण्याचे टाळले. एकाने पाच दिवस, तर दुसऱ्याने बारा दिवस कोणतीच साखळी ओढली नाही. दुसऱ्याला वेदना होऊ नये म्हणून ती अक्षरशः उपाशी राहिली. त्यांना कोणी नीतिपाठ दिला नव्हता.

माणसाच्या मुलाकडे पाहावे. २००६ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या बालकांसमोर मुद्दाम वस्तू खाली पाडल्या, हात भरलेले असताना कपाटाचे दार उघडण्याची खटपट केली. बक्षीस नाही, विनंती नाही. तरी बहुतेक बालके मदतीला धावली. विज्ञानात घाई मात्र चालत नाही. सहा-दहा महिन्यांची अर्भकेही मदत करणाऱ्या बाहुलीला पसंती देतात, असा निष्कर्ष २००७ साली गाजला होता. पुढे अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून तो पडताळला. २०२४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या पडताळणीत तसा कल आढळला नाही. म्हणून बाळ उपजतच न्यायाधीश असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु दुसऱ्याची अडचण पाहून हलणारे मन लहानग्याजवळ फार लवकर येते, एवढे निश्चित.

या उत्तरालाही सीमा आहे. निसर्गाने दिलेली माया प्रथम रक्ताच्या नात्याकडे धावते. भारताचे नागरिकत्व स्वीकारून १९६४ साली भुवनेश्वर येथे देह ठेवणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांची एक उक्ती सांगितली जाते. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी प्राण देण्यास आपण सिद्ध आहोत, असे ते विनोदाने म्हणत. विनोदामागे गणित आहे. सख्ख्या भावात सरासरी निम्मा आनुवंशिक वारसा समान असतो, चुलत भावात एक अष्टमांश. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये हे गणित शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी पुढचा दुवा जोडला : आज मी तुला, उद्या तू मला, अशा परतफेडीच्या अपेक्षेतूनही परोपकार वाढतो.

तथापि, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या गणितात कशी बसवायची? गणेश विसर्जन आटोपून मराठवाडा झोपला होता. चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हादरली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे घरांच्या दगड-मातीखाली गाडली गेली. त्यानंतर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे पोहोचली. त्यांनी ढिगारे उपसले, प्रेतांवर अंत्यसंस्कार केले, अनाथ मुलांना जवळ घेतले. तेथे रक्ताचे नाते नव्हते आणि मृताकडून परतफेड होत नसते. माणसाच्या करुणेने भाऊबंदकीचा बांध ओलांडला. निसर्गाने दिलेले बियाणे इतके कसे फोफावले, हा खरा प्रश्न आहे.

औंढ्याच्या देवळातील आक्रोश

त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. पुसेगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात कयाधूच्या काठी नर्सी आहे आणि थोड्या अंतरावर औंढा नागनाथ. नर्सी हे १२७० साली जन्मलेल्या संत नामदेवांचे जन्मस्थळ मानले जाते.

नामदेवांविषयी एक जुनी आख्यायिका आहे. पूर्वायुष्यात ते वाटमारी करीत. एके दिवशी औंढ्याच्या देवळात एक दीन स्त्री आपल्या भुकेने रडणाऱ्या मुलाला मारताना त्यांना दिसली. कारण विचारता तिचा बांध फुटला : घरातील कर्ता पुरुष वाटमाऱ्यांनी मारला, आता या लेकराला काय खाऊ घालू? तो पुरुष आपल्याच हातून मारला गेला, हे नामदेवांना उमगले आणि त्यांचे जीवन पालटले. अनेक अभ्यासक ही कथा ऐतिहासिक मानत नाहीत. दामाशेटी आणि गोणाई यांच्या विठ्ठलभक्त घरात वाढलेल्या नामदेवांशी ती जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. परंतु कथा घडली नसेल, तरी ती समाजाने जपली, हे तर खरे. का जपली? कारण परिवर्तन कसे घडते, याचे अचूक निदान तिच्यात आहे.

त्या वाटमाऱ्याला चोरी वाईट असते हे माहीत नव्हते काय? निश्चितच माहीत होते. राजाचा दंड ठाऊक होता, देवाचेही भय असेल. यांतील कशानेही त्याचा हात थांबला नाही. थांबला तो एका बाईच्या रडण्याने. आजवर ज्याला त्याने लुटले, ते केवळ सावज होते. त्या क्षणी सावजाला घर मिळाले, बायको मिळाली, भुकेले मूल मिळाले. दुसऱ्याचे दुःख कानावर पडणे वेगळे आणि ते आपले म्हणून ऐकू येणे वेगळे. नीतीचा जन्म या दुसऱ्या ऐकण्यात आहे.

परंपरा याच औंढ्यात नामदेवांना गुरूही भेटवते. विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव चकित झाले. विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव जेथे पाय ठेवू लागले, तेथे पिंडी प्रकटू लागली. विशेष हे, की हेच विसोबा पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांना छळणारे होते, असे परंपरा सांगते. छळणारा गुरू झाला आणि लुटणारा संत झाला, असे सांगणाऱ्या या कथा माणसाविषयी केवढा विश्वास बाळगतात! पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव हे त्या शिकवणीचे फलित. देवळातला देव कुत्र्यातही दिसू लागला, की त्याच्या कोरड्या पोळीचीही काळजी वाटते.

आत्मौपम्य : नीतीची कसोटी

या अनुभवाची तात्त्विक मांडणी लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त आढळते. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात टिळकांनी नीतीच्या मीमांसेचे आधिभौतिक, आधिदैवत आणि आध्यात्मिक असे तीन पंथ मांडले. पुष्कळांचे पुष्कळ सुख ही मिल आदी विद्वानांची कसोटी त्यांना अपुरी वाटली, कारण कर्त्याच्या बुद्धीची शुद्धता सुखाच्या बेरजेत मोजता येत नाही. सदसद्विवेक ही अंतःकरणातील स्वतंत्र देवता आहे, हे मतही त्यांनी स्वीकारले नाही. ती आपल्या बुद्धीचीच शक्ती आहे. बुद्धी शुद्ध असेल तर तिचा निर्णय शुद्ध, मलिन असेल तर मलिन.

मग बुद्धी शुद्ध कशी होते? गीतेच्या सहाव्या अध्यायातील आत्मौपम्याची दृष्टी, म्हणजे दुसऱ्याचे सुख-दुःख स्वतःच्या उपमेने पाहणे, हे त्याचे उत्तर. सर्वांभूती एकच आत्मा आहे, म्हणून दुसऱ्याला दिलेली वेदना ही अखेर आपल्यालाच दिलेली वेदना आहे. निसर्गाने दिलेली करुणा येथे भाऊबंदकीच्या कुंपणातून मुक्त होते. प्रवृत्ती निसर्गाची, दिशा विचाराची आणि सातत्य संस्काराचे, असा हा त्रिवेणी संगम आहे. यांतील एकही प्रवाह आटला, तरी नीती लंगडी होते.

जेथे कान बंद झाले

परंतु येथे आत्मपरीक्षण टाळून चालणार नाही. सर्वांभूती एक आत्मा, हे तत्त्व सांगणाऱ्या समाजानेच शतकानुशतके आपल्याच बांधवांना देवळाच्या बाहेर उभे केले. ज्ञान होते, कान बंद होते. मंगळवेढ्यास १३३८ साली गावकुसाच्या बांधकामावर वेठीस धरलेले चोखोबा कोसळलेल्या भिंतीखाली मृत्यू पावले, असे परंपरा सांगते. नामदेव तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला त्या चोखोबांच्या, हे त्यांनी कानाने ओळखले आणि पंढरपुरी महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. औंढ्यात बाईचा आक्रोश ऐकणारा कान मंगळवेढ्यात अस्थींचा आवाज ऐकतो, ही संगती विलक्षण आहे.

परंतु पायरीपाशी समाधी झाली, तरी दार उघडले नाही. त्यासाठी सहाशेहून अधिक वर्षे जावी लागली. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले आणि दहा दिवसांनी हरिजनांसाठी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला. तत्त्वज्ञान कितीही उदात्त असले, तरी त्याचा उच्चार करणाऱ्यांचे कान उघडे नसतील, तर त्याच्या सावलीत अन्याय निर्वेध नांदतो, हा इतिहासाचा कठोर धडा आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने तो इतरांहून अधिक ध्यानात ठेवला पाहिजे.

घर ही पहिली शाळा

साने गुरुजींचे नाव निघाले, की ‘श्यामची आई’ आठवते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक तीन-चार पिढ्यांनी वाचले. न्हाऊन आलेला श्याम तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरतो. आई तो पुरवते आणि पायांइतकेच मनालाही घाणीपासून जपण्यास सांगते. नीतिशास्त्राची एकही संज्ञा न जाणणारी माता जे शिकवते, ते व्याख्यानांनी साधत नाही.

आज घरोघरी मुलांना उत्तम शाळा, शिकवणी, भ्रमणध्वनी सारे मिळते. परीक्षेतील गुणांची चौकशी रोज होते. वर्गातील कोणत्या मुलाने आज डबा आणला नव्हता, ही चौकशी किती घरांत होते? भावाच्या वाटणीचा विषय निघाला, की मुले दाराआडून ऐकत असतात. घरकाम करणाऱ्या बाईशी, सालगड्याशी, दारी आलेल्या याचकाशी कोणत्या स्वरात बोलले जाते, हे ती पाहत असतात. तोच त्यांचा नीतिपाठ. संध्याकाळी दिव्यापुढे म्हटलेली ‘शुभं करोति’ त्यानंतर अर्थपूर्ण ठरते किंवा पोकळ, ते त्या स्वरावर अवलंबून असते.

मराठवाड्याने दुष्काळ पाहिले, शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या. ज्या घरात अशी घटना घडते, त्या घरातील स्त्रीचा आक्रोश औंढ्याच्या देवळातील आक्रोशाहून वेगळा नसतो. तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि आवाज क्षीण होतो. शासन आपले काम करील. पण शेजाऱ्याने तिची पेरणी वेळेवर करून द्यावी, तिचा बांध जागच्या जागी राहील हे पाहावे, तिच्या मुलाच्या शाळेची फी भरली गेली की नाही ते विचारावे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. ते तसे लिहिताही येणार नाही.

सज्जनहो, नीतीचा झरा आकाशातून थेट कोसळत नाही आणि राजाज्ञेने वाहत नाही. तो माणसाच्या अंतःकरणात आहेच. वरचा गाळ मात्र प्रत्येक पिढीला आपल्या हातांनी उपसावा लागतो. तो उपसण्याचे काम आज रात्रीच्या जेवणाच्या पंगतीपासून सुरू होऊ शकते. गावात या आठवड्यात कोणाच्या घरी चूल पेटली नाही, एवढाच प्रश्न घरातील मोठ्यांनी मुलांसमोर विचारावा आणि उत्तर मिळाल्यावर उठावे.